काळा पडदा का टिकला?

२०२५ या एकाच वर्षात तीन बड्या कंपन्यांनी प्रोग्रॅमरच्या मदतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आणली. फेब्रुवारीत अँथ्रॉपिकचे ‘क्लॉड कोड’, एप्रिलमध्ये ओपनएआयचे ‘कोडेक्स सीएलआय’, जूनमध्ये गूगलचे ‘जेमिनाय सीएलआय’. या कंपन्यांकडे पैशाला तोटा नाही, आणि पडद्यावर हवे ते उभे करणाऱ्या माणसांनाही नाही. तरीही तिघींनी आपल्या साधनाचे बिऱ्हाड मांडले ते टर्मिनलच्या काळ्या खिडकीत, जिथे बटणे नाहीत, चित्रे नाहीत, फक्त लुकलुकणारी एक खूण आहे आणि आपण टाइप करू ती ओळ. ही खिडकी आता मोडीत निघणार, असे गेली चाळीस वर्षे अधूनमधून सांगितले जाते. माउस आला तेव्हा सांगितले गेले, बोटाने चालणारा पडदा आला तेव्हाही. मग या खिडकीतली आज्ञांची भाषा, म्हणजे कमांड लाइन, शिकावी का, या प्रश्नाला सहसा दोन उत्तरे मिळतात: काम झपाट्याने होते, आणि नोकरीच्या मुलाखतीत उपयोग होतो. दोन्ही खरी, पण वरवरची. झपाटा चांगल्या मेनूतही असतो, आणि मुलाखतीतले प्रश्न दर काही वर्षांनी बदलतात. माझ्या मते कारण याहून खोल आहे. टाइप केलेली आज्ञा लिहून ठेवता येते. लिहून ठेवली की ती पुन्हा चालवता येते, तपासता येते, दुसऱ्याच्या हाती देता येते. आणि अशा लिहून ठेवलेल्या आज्ञांवर लाखो कामे उभी राहिली की ती आज्ञा बदलायची कोणाची छाती होत नाही. कमांड लाइनच्या ज्ञानाचे मोल या एका गोष्टीतून येते. तिचे बरेचसे दोषही तिथूनच येतात.

युनिक्सचा जन्म १९६९ चा, अमेरिकेत न्यू जर्सीतल्या मरे हिल येथील बेल लॅब्जमधला. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची हे त्याचे मुख्य कर्ते. तेव्हा संगणकाशी बोलायचे ते टेलिटाइप यंत्रावरून. ‘मॉडेल ३३’ हे त्या काळचे प्रचलित यंत्र सेकंदाला दहा अक्षरे छापायचे, तेही कागदावर, खडखडाट करत. म्हणून आज्ञांची नावे दोन-तीन अक्षरांत आटोपली: यादीसाठी एलएस, प्रतीसाठी सीपी, हलवण्यासाठी एमव्ही, पुसण्यासाठी आरएम. काम नीट झाले तर यंत्राने गप्प राहायचे, ही रीतही त्या काटकसरीला शोभणारीच. पण खरी कलाटणी १९७३ ची. डग मॅकिलरॉय हे तिथलेच संशोधक १९६४ पासून एक कल्पना लावून धरत होते, की प्रोग्रॅम एकमेकांना जोडता यावेत, एकातून निघालेले दुसऱ्यात शिरावे. थॉम्पसनने ती एका रात्रीत प्रत्यक्षात आणली. तिचे नाव पाइप, आणि कळफलकावरची उभी रेघ हे तिचे आजचे चिन्ह. या सोयीचा परिणाम तिच्या आकाराच्या मानाने फार मोठा झाला. प्रत्येक साधनाने एकच काम करावे आणि दोन साधनांमध्ये वाहावा तो साध्या मजकुराच्या ओळींचा प्रवाह, हा अलिखित करार त्यातून ठरला. पुढे येणाऱ्या साधनाला आधीच्या साधनाची ओळखदेख असण्याची गरज उरली नाही. दोघांना ओळी वाचता-लिहिता आल्या की पुरे.

त्याच काळात आणि त्यानंतर घडलेली साधने आजही रोज वापरात आहेत. ग्रेपची जन्मकथा तर भाषा-साहित्याच्या अभ्यासकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. बेल लॅब्जमधल्या ली मॅकमॅहन यांना अमेरिकी राज्यघटनेच्या समर्थनार्थ लिहिलेल्या ‘फेडरलिस्ट’ लेखमालेतला कोणता लेख कोणाचा, हे शैलीवरून तपासायचे होते. ते लेख ८५, लेखक तीन, आणि काही लेखांच्या कर्तृत्वाबद्दल वाद. तेव्हाच्या संपादकात, म्हणजे ‘एडी’ नावाच्या प्रोग्रॅममध्ये, एवढा मजकूर मावेना. थॉम्पसनने त्या संपादकातला शोधाचा भाग सुटा काढून दिला आणि मजकुरातून हव्या त्या ओळी वेचणारे स्वतंत्र साधन तयार झाले. मग १९७४ मध्ये मॅकमॅहन यांचे सेड, १९७७ मध्ये आहो, वाइनबर्गर आणि कर्निघन यांचे ऑक. १९८९ मध्ये ब्रायन फॉक्स यांचे बॅश, १९९५ मध्ये फिनलंडमधून टाटू युल्योनेन यांचे दूरच्या संगणकात शिरण्याचे एसएसएच, १९९६ मध्ये आरसिंक, १९९८ मध्ये स्वीडनच्या डॅनिएल स्टेनबर्ग यांचे कर्ल, २००५ मध्ये लिनस टॉरवाल्ड्सचे फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारे गिट. यांपैकी प्रत्येक आज जिवंत आहे. अर्थात ही यादी जिवंत राहिलेल्यांची आहे, आणि अशा यादीवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. टेलनेट आणि एफटीपी एसएसएचपुढे मागे पडले. सीव्हीएस आणि सबव्हर्जन गिटने बाजूला सारले. डीबेस या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये ठिपक्यापुढे टाइप करायच्या आज्ञा नव्वदीच्या दशकात कितीतरी जणांनी घोकल्या आणि आज त्या कोणी विचारत नाही. तेव्हा ‘कमांड लाइनवरचे सगळेच टिकते’ हे खरे नाही. फाइल, मार्ग, पाइप, शोधाचे नमुने, परवानग्या हा गाभा टिकतो. त्याभोवतीचे सुटे प्रोग्रॅम येतात-जातात, पण जे नवे येते ते त्याच गाभ्याला धरून येते. एसएसएच वापरायला टेलनेटवाल्याला नव्याने काही फारसे शिकावे लागले नाही.

हा गाभा का टिकतो, याचे उत्तर कोणाच्या प्रतिभेत शोधण्यापेक्षा अवलंबितांच्या संख्येत शोधावे. ज्या भिंतीवर शेजाऱ्याचे छप्पर टेकले आहे ती पाडता येत नाही. मेक हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये केले. त्याच्या फाइलमध्ये ओळीच्या सुरुवातीला टॅबच लागतो, मोकळ्या जागा चालत नाहीत. हा विचित्र नियम घाईत पडला. तो चुकीचा आहे हे त्यांना लवकरच कळले, पण तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते आणि त्या लोकांच्या फाइली मोडायचे फेल्डमन यांच्या जिवावर आले. त्या डझनभर लोकांसाठी राखलेला टॅब जवळजवळ पन्नास वर्षे जगभर अडखळवतो आहे. गिटमध्ये ‘चेकआउट’ या एकाच आज्ञेवर दोन वेगळ्या कामांचा भार होता. २०१९ मध्ये ती कामे ‘स्विच’ आणि ‘रिस्टोअर’ अशा दोन नव्या आज्ञांत वाटून दिली, पण जुनी आज्ञा काढली नाही. काढणे परवडणारे नव्हते. कारण आज्ञेचा वापरकर्ता माणूसच असतो असे नाही. कुठल्या तरी सर्व्हरवर मध्यरात्री आपोआप चालणारी स्क्रिप्टही असते, आणि स्क्रिप्टला ‘आता बटण उजवीकडे गेले आहे’ असे समजावता येत नाही. पडद्यावरच्या रचनेला हे बंधन नाही. ऑफिस २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने वर्ड-एक्सेलचे जुने मेनू काढून त्या जागी रिबन आणली. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये स्टार्ट बटणच गायब झाले आणि लोकांच्या ओरडीनंतर परत आले. माणसे कुरकुरतात, पुन्हा शिकतात, आणि कंपनीला ते ठाऊक असते. महाराष्ट्रात एमएस-सीआयटीच्या वर्गांनी लाखो लोकांचा हात संगणकावर बसवला, हे काम मोठेच. पण त्या वर्गात मेनूंच्या ज्या जागा पाठ करून घेतल्या गेल्या, त्या विद्यार्थ्याच्या नोकरीची पहिली दहा वर्षे संपण्याआधी हलल्या. त्याच काळात शिकलेली, ओळी क्रमाने लावणारी सॉर्ट ही आज्ञा होती तिथेच आहे.

पडद्यावरच्या खिडक्यांचा पुरस्कार करणाऱ्यांनीच पुढे काय केले, हा पुरावाही पाहण्यासारखा आहे. १९८४ च्या मूळ मॅकिंटॉशमध्ये कमांड लाइन नव्हती. ती नसणे हाच त्याचा दिमाख होता. २००१ मध्ये ॲपलने मॅक ओएस एक्स आणली ती युनिक्सच्या पायावर, आणि सोबत टर्मिनल दिले. मायक्रोसॉफ्टमध्ये जेफ्री स्नोव्हर यांनी २००२ मध्ये एक टिपण लिहिले. विंडोजचे सर्व्हर माउसने सांभाळणे मोठ्या प्रमाणावर अशक्य आहे, हे त्याचे सार. त्यातून २००६ मध्ये पॉवरशेल आले. २०१६ मध्ये तर विंडोजच्या पोटातच लिनक्सचे शेल, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम, चालवायची सोय झाली. एका मशिनवर एक खूण करायला माउस उत्तम. चारशे मशिनवर तीच खूण करायची वेळ आली की माउसवाल्यालाही आज्ञा लिहावी लागते. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो. पुण्यात हवामानशास्त्र संस्थेतला ‘प्रत्युष’ असो की आयसरमधला ‘परम ब्रह्म’, संशोधक त्याच्या समोर बसत नाही. तो आपल्या खोलीतून एसएसएचने आत शिरतो, कामाची स्क्रिप्ट रांगेत लावतो आणि निघून जातो. त्याची पाळी पहाटे तीनला आली तरी चालते, कारण त्या वेळी कोणी क्लिक करायला हजर असण्याची गरज नसते.

इथे लिहून ठेवण्याचा दुसरा फायदा दिसतो, आणि तो वेगाहून मोठा आहे. विज्ञानात निष्कर्षाइतकेच तिथवर पोचण्याचे टप्पे महत्त्वाचे असतात. माउसने केलेल्या कामाचा माग राहत नाही. जनुकांच्या नावांचे प्रकरण प्रसिद्ध आहे. ‘सेप्ट२’, ‘मार्च१’ अशी नावे एक्सेलमध्ये टाकली की ती तारखा समजून मुकाट्याने बदलली जात. २०१६ मध्ये संशोधक झिमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या जनुकशास्त्रीय शोधनिबंधांपैकी सुमारे एक-पंचमांशांत अशा चुका शिरल्या होत्या. अखेर २०२० मध्ये जनुकांना नावे देणाऱ्या समितीने जनुकांचीच नावे बदलली, आणि ती आपोआप होणारी अदलाबदल थांबवायचा पर्याय एक्सेलमध्ये २०२३ मध्ये आला. आक्षेप घेता येईल की हा दोष एका प्रोग्रॅमचा, सगळ्या खिडक्यांचा नव्हे. बरोबर. शेलच्या स्क्रिप्टमध्येही चुका होतात आणि त्याही मुकाट असू शकतात. फरक एवढाच की स्क्रिप्ट समोर असते. तिसऱ्या माणसाला ती वाचता येते, चुकीची ओळ दाखवता येते, दुरुस्त करून सगळे काम पहिल्यापासून चालवता येते. क्लिकच्या बाबतीत ‘मी बहुधा हा स्तंभ निवडला होता’ एवढीच साक्ष उरते. १९९८ मध्ये ग्रेग विल्सन यांनी सुरू केलेल्या ‘सॉफ्टवेअर कार्पेंट्री’ने जीवशास्त्र, खगोलशास्त्र अशा शाखांच्या संशोधकांना शिकवायच्या मोजक्या विषयांत शेल ठेवले ते यासाठी. आणि एमआयटीसारख्या संस्थेत २०२० मध्ये तिथल्याच तरुणांनी ‘अभ्यासक्रमातून राहून गेलेले सत्र’ अशा अर्थाच्या नावाने शेल, संपादक आणि गिट यांचा छोटा वर्ग घेतला, तेव्हा त्यांची तक्रार हीच होती, की ही साधने सगळे रोज वापरतात आणि कोणीही शिकवत नाही.

जोडणीच्या सामर्थ्याबद्दल बोलताना १९८६ मधल्या एका लढतीचा उल्लेख होतोच. संगणकशास्त्रज्ञ जॉन बेंटली यांनी आपल्या सदरासाठी संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ यांना एक प्रश्न दिला: मजकुरात सर्वाधिक वेळा येणारे शब्द, संख्येसह, छापून दाखवा. कनुथ यांनी कित्येक पानांचा देखणा प्रोग्रॅम लिहिला. त्यावर समीक्षा लिहिताना मॅकिलरॉय यांनी तेच काम सहा ओळींच्या पाइपात करून दाखवले. शब्द सुटे करा, सगळे लहान इंग्रजी अक्षरांत आणा, क्रमाने लावा, सारखे मोजा, संख्येनुसार पुन्हा लावा, वरचे तेवढे ठेवा. युनिक्सचे भक्त ही गोष्ट विजयोत्सवासारखी सांगतात. ते थोडे अन्यायाचे आहे, कारण कनुथ यांना प्रोग्रॅम साहित्यासारखा वाचनीय कसा लिहावा याचा नमुना द्यायला सांगितले होते आणि तो त्यांनी दिला. मॅकिलरॉय यांनीही त्या कारागिरीची तारीफ केली आहे. तरीही मुद्दा शिल्लक राहतो. त्या सहा ओळींतले एकही साधन त्या कामासाठी बनलेले नव्हते. कमांड लाइन शिकलेला माणूस आज्ञा पाठ करतो असे बाहेरून वाटते. प्रत्यक्षात तो नवे काम पाहून त्याचे ओळखीचे तुकडे पाडायला शिकतो, आणि ही सवय पायथनमध्ये, डेटाबेसमध्ये, अगदी कागदावरही कामाला येते.

मराठी मजकुरावर मात्र त्या सहा ओळी तशाच चालत नाहीत, आणि हा भाग आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही. युनिकोडचा मजकूर साठवण्याची यूटीएफ-८ ही पद्धत १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, टेबलावरच्या कागदावर आखली. जुनी साधने तोडमोड न करता चालत राहावीत हे तिचे एक उद्दिष्ट होते, म्हणून आज ग्रेपला मराठी शब्द दिला तर तो सापडतो. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट खाते, पण शोध अडत नाही. अडते ते दुसरीकडे. मॅकिलरॉय यांची पहिलीच आज्ञा, टीआर, तिच्या जीएनयू आवृत्तीत अक्षरांऐवजी बाइट पाहते आणि देवनागरीचे तुकडे करते; तिच्या जागी ग्रेपला ‘देवनागरीतले सलग चिन्हगट तेवढे वेगळे काढ’ असे सांगावे लागते. सॉर्टला नुसत्या संकेतांकांवर सोडले तर ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये जाऊन बसतो, कारण युनिकोडच्या तक्त्यात त्याची जागा तिथे आहे. मराठी वर्णक्रमात तो ‘ह’ नंतर येतो. ‘दुसऱ्या’ या शब्दातला ‘ऱ्य’ निरनिराळ्या कळफलकांवरून निरनिराळ्या संकेतांकांनी उमटतो, डोळ्यांना सारखाच दिसतो, आणि शोधताना अर्धे शब्द हाती लागत नाहीत. टर्मिनलच्या समान रुंदीच्या चौकटींत जोडाक्षरे अनेकदा फुटकी दिसतात, तेही आहेच. पण या अडचणी खिडक्यांच्या प्रोग्रॅममध्येही असतात; तिथे त्या झाकलेल्या असतात, एवढेच. ‘शोध लागला नाही’ असा निरोप येतो आणि आपण गप्प बसतो. इथे मजकूर बाइटपर्यंत उलगडून कोणता ‘ऱ’ कुठून आला ते पाहता येते, आणि पाच हजार फाइलींत एकाच ओळीने दुरुस्त करता येतो. मराठी कोश, वृत्तपत्रांचे जुने अंक, संतसाहित्याच्या पाठांची तुलना अशा कामांत पडणाऱ्यांनी हे शिकावे असे मला प्रोग्रॅमरांपेक्षा जास्त वाटते. ग्रेप जन्मले तेच मुळी अशा कामासाठी.

आता विरुद्ध बाजू. सर्वांत जुना आणि सर्वांत सकस आक्षेप डॉन नॉर्मन यांचा. मानसशास्त्रज्ञ असलेल्या नॉर्मन यांनी १९८१ मध्येच ‘डेटामेशन’ मासिकात लिहिले की युनिक्सचा वापरकर्त्याला दिसणारा चेहरा भीषण आहे: नावे अनाकलनीय, पर्यायांत सुसूत्रता नाही, आणि यंत्र काही केल्याचे सांगतही नाही. चार दशकांनंतरही यातले बरेच खरे आहे. उणे चिन्ह आणि एक अक्षर यांचा अर्थ एका आज्ञेत एक, दुसरीत भलताच. मेनू उघडला की काय काय करता येते ते दिसते. टर्मिनल काहीच सुचवत नाही. टिकाऊपणाची किंमत ती हीच: जे मोडता येत नाही ते सुधारताही येत नाही, मग ते नाव असो वा मेकचा टॅब. शिवाय सगळी कामे मजकुराची नसतात. छायाचित्रातला रंग उजळणे, नकाशा पाहणे, पुस्तकाचे पान मांडणे ही कामे डोळ्यांची आहेत, आणि ती आज्ञा लिहून करण्याचा हट्ट निव्वळ मिरवणे आहे. अशी मिरवणारी मंडळी या क्षेत्रात बरीच आहेत. नवशिक्याला ‘तू अजून माउस वापरतोस?’ म्हणून हिणवणाऱ्यांनी कमांड लाइनचे जेवढे नुकसान केले तेवढे मॅकिंटॉशनेही केले नसेल.

दुसरा आक्षेप धोक्याचा. ३१ जानेवारी २०१७ रोजी प्रोग्रॅमचा कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅबमधल्या एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर पुसण्याची आज्ञा दिली आणि सुमारे ३०० जीबी माहिती गेली. राखीव प्रती घेण्याच्या बहुतेक योजना बंद पडलेल्या निघाल्या, आणि सुदैवाने हाताशी असलेल्या सहा तासांपूर्वीच्या प्रतीवरून काम सावरले. महिनाभरातच, २८ फेब्रुवारीला, ॲमेझॉनच्या एस-३ या माहिती साठवण्याच्या सेवेत देखभालीच्या आज्ञेचा एक भाग चुकीचा टाइप झाला, अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर बाजूला काढले गेले आणि जगातल्या असंख्य संकेतस्थळांना सुमारे चार तास फटका बसला. एका ओळीत खूप काम होते म्हणजे एका ओळीत खूप नुकसानही होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ॲमेझॉनने त्यानंतर काय केले? आज्ञा बंद करून बटणे आणली नाहीत. त्याच साधनात मर्यादा घातली, की सर्व्हर हळूहळूच निघावेत आणि ठरावीक संख्येच्या खाली जाऊ नयेत. गिटलॅबने घटनेचा क्रम मिनिटामिनिटाने जाहीर मांडला. राखीव प्रत तपासून पाहणे आणि पुसण्याआधी यादी छापून बघणे, या दोन सवयी कमांड लाइनच्या पहिल्या तासात शिकवायला हव्यात. त्या न शिकवता नुसत्या आज्ञा शिकवणारा वर्ग न घेतलेलाच बरा.

तिसरा आक्षेप आजचा, आणि तो पहिल्या दोहोंहून जोरकस आहे. आता साध्या मराठीत ‘या फोल्डरमधल्या सगळ्या फोटोंची नावे तारखेनुसार कर’ म्हटले तरी यंत्र आज्ञा लिहून देते. मग शिकायचे कशाला? पाठांतराच्या बाबतीत हा आक्षेप मान्य करावा. टारचे पर्याय, फाइंडची आडवळणी रचना, ऑकमधली अवतरणचिन्हे हे ध्यानात ठेवण्याचे मोल झपाट्याने उतरले आहे आणि त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. मात्र सुरुवातीला उल्लेखिलेली तिन्ही साधने टर्मिनलमध्ये का राहतात, याचा विचार करावा. भाषेवर शिकवलेले यंत्र मजकूर वाचते आणि मजकूर लिहिते. कमांड लाइनवर आत जातो तो मजकूर आणि बाहेर येतो तोही मजकूर. मॅकिलरॉय यांचा तो अलिखित करार माणसांच्या सोयीसाठी झाला होता, आणि पन्नास वर्षांनी तो यंत्राच्या पथ्यावर पडला. तिथे माणसाचे काम उरते ते संमतीचे. यंत्र एक ओळ दाखवते आणि ‘चालवू का?’ विचारते. त्या ओळीत कोणता फोल्डर आहे, पुसण्याची आज्ञा आहे का, ती मुख्य प्रशासकाच्या अधिकाराने चालणार आहे का, हे ज्याला वाचता येत नाही तो न वाचलेल्या कागदावर सही करतो. गिटलॅबची चूक माणसाने केली होती. तीच ओळ उद्या यंत्र सुचवील आणि माणूस होकार देईल. म्हणजे शिकण्याची गरज गेली नाही, तिची दिशा बदलली: लिहिता येण्यापेक्षा वाचता येणे महत्त्वाचे झाले. आणि काहीही न लिहिता नीट वाचायला शिकलेला माणूस अजून तरी आढळात नाही, तेव्हा थोडे लिहावे लागेलच.

प्रत्येकाने हे शिकावे असे मी म्हणणार नाही. ज्याचे संगणकावरचे काम पत्रे, बँक आणि व्हिडिओ एवढेच आहे त्याला याची गरज नाही, आणि गरज आहे असे भासवणारे क्लासवाले त्याचे पैसे वाया घालवतील. पण ज्याला शेकडो फाइली, हजारो ओळी किंवा स्वतःच्या टेबलावर नसलेला संगणक हाताळावा लागतो, मग तो अभियंता असो, जिल्ह्यातली आकडेवारी सांभाळणारा कर्मचारी असो, पत्रकार असो की भाषेचा संशोधक, त्याला दोन-तीन आठवड्यांची ही मेहनत पुढे वर्षानुवर्षे पुरते. शिकायचे तेही थोडकेच: फाइलींचे मार्ग, परवानग्या, पाइप, ग्रेप, सॉर्ट, एकच काम अनेक फाइलींवर करणारे आवर्तन, शोधाच्या नमुन्यांची भाषा, एसएसएच आणि गिट. शोधाच्या नमुन्यांचे गणित स्टीफन क्लीनी यांनी १९५० च्या दशकात मांडले, थॉम्पसनने १९६८ मध्ये ते संपादकात चालवून दाखवले, आणि आज ते लिब्रेऑफिसच्या शोधपेटीतही चालते. एवढे दीर्घायुषी कौशल्य संगणकात दुसरे शोधून सापडणे कठीण. आपल्या पदवी अभ्यासक्रमांत या विषयाला जागा मिळते ती बहुधा ‘ऑपरेटिंग सिस्टिम’च्या प्रात्यक्षिक वहीत, आज्ञांच्या तक्त्याच्या रूपाने, परीक्षेपुरती. विद्यापीठांनी तो तक्ता काढून टाकावा आणि त्याऐवजी खऱ्या मजकुराचा गोंधळलेला ढीग विद्यार्थ्यापुढे ठेवावा: गावांच्या नावांची विस्कटलेली यादी, पावसाच्या नोंदी, जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेले लेख. कला शाखेतही तो ठेवावा. वाट पाहायची नसेल त्याच्यासाठी सामग्री हजर आहे. मॅकमध्ये टर्मिनल आधीपासून आहे, विंडोजवर लिनक्सचे शेल एका आज्ञेने बसते, लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइड फोनवर टर्मक्स चालते, आणि मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतून, विनामूल्य ऐकता येतात.